तासाचे ऐंशी, हातात सत्तर : पुण्यात नव्यानं कामाला लागणाऱ्यांसाठी पगाराचा हिशेब

सात तारीख उलटली की माझा फोन वाजू लागतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या टाइम ऑफिसात मी नऊ वर्षं हजेऱ्या लिहिल्या, त्यामुळे गावाकडची पोरं पगाराचं काही अडलं की मला विचारतात. गेल्या वर्षी गंगाखेडकडचा एक पोरगा खराबवाडीत खोली घेऊन चाकणला कामाला लागला. पहिला पूर्ण पगार झाला त्या रात्री त्याचा फोन आला. ‘दादा, तासाला ऐंशी बोलले होते. दोनशे आठ तास भरलेत, एक खाडा नाही. सोळा हजार सहाशे चाळीस व्हायला पाहिजेत. बँकेचा मेसेज आलाय चौदा हजार पाचशे अडुसष्टचा. दोन हजार कुणी खाल्ले?’

कुणी खाल्ले नव्हते. पण प्रश्न रास्त होता, आणि पगार देताना कुणीही त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्याच्याच स्लिपवरून, ऑगस्ट २०२५ ची होती ती, पुढचं सगळं सांगतो. तुमचा दर वेगळा असेल, पण रीत हीच.

कामाला लागण्याआधी : कोणता दर ते विचारा

‘तासाला किती?’ या प्रश्नाला तीन खरी उत्तरं असू शकतात आणि तिन्ही वेगळी. एक, कंपनीला तुमच्यामागे तासाला येणारा खर्च, म्हणजे सीटीसी. दोन, तुमच्या नावावर लागणारा पगार, म्हणजे ग्रॉस. तीन, हातात पडणारी रक्कम, म्हणजे नेट. आपल्या पोराच्या बाबतीत हे आकडे ९१, ८० आणि ७० होते. ठेकेदाराचा सुपरवायझर लांडेवाडी चौकात उभा राहून यातला कोणता आकडा सांगतो हे त्या दिवशी त्याला किती माणसं हवी आहेत यावर ठरतं.

९१ कसे झाले? पगार १६,६४०. त्यावर मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १,७४७ आणि ईएसआय (कामगार विमा) ५४१. बेरीज १८,९२८. भागिले २०८ तास, बरोबर ९१. कुणी ‘तासाला ९१, सीटीसी’ म्हणालं तर ते खोटं नसतं, पण त्यातले ११ रुपये तुमच्या पगारात कधी दिसणार नाहीत. म्हणून थेट विचारा : ‘बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) किती, एचआरए (घरभाडे भत्ता) किती, आणि सव्वीस दिवस भरले तर स्लिपवर ग्रॉस किती येईल?’ उत्तर देता येत नसेल तर माणूस भरती करतोय, पगार दुसरंच कुणी करणार आहे, हे समजून घ्या.

दुसरी बोली त्याहून फसवी : ‘बारा तास, बावीस हजार.’ चाकण, महाळुंगे, कुरुळी, सगळीकडे ही बोली ऐकू येते. आठ तासांच्या वरचे चार तास हा ओव्हरटाइम (ओटी) आहे आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो. ही दुप्पट १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनची आहे. महिन्याचे सव्वीस दिवस धरा. साधे तास २०८, ओटीचे १०४, आणि दुप्पट दरानं ते १०४ पुन्हा २०८ तासांइतकेच झाले. म्हणजे बावीस हजारांतले निम्मे ओटीचे. आठ तासांचा तुमचा खरा पगार ११ हजार, तासाला ५३ सुद्धा नाही! आता हा ११ हजारांचा आकडा आपल्या उद्योगाच्या किमान वेतनाच्या दरपत्रकाशी ताडून पाहा. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून दरपत्रक ताजं बघा. बारा तास राबून महिन्याला बावीस हजार मोजून घेणाऱ्या बऱ्याच पोरांना आपण किमान वेतनाच्या खाली आहोत हे कळलेलंच नसतं, कारण एकूण आकडा मोठा दिसतो.

स्वतःची हजेरी स्वतः लिहा

कापाकापीच्या आधी मुळात तास किती धरले ते बघायचं. आठ वाजून सात मिनिटांनी पंच झालं म्हणून अर्धा तास उडवणारी मशिनं मी पाहिली आहेत. चालवलीही आहेत, खोटं कशाला बोलू. गैरहजेरीची कपात गैरहजर असलेल्या वेळेच्या प्रमाणातच करायची, असा नियम आहे. सात मिनिटांचे सात मिनिटं.

खिशात एक छोटी वही ठेवा. तारीख, आत, बाहेर, ओटी. बस्स. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण वहीला टाइम ऑफिसातला माणूस जरा जास्त घाबरतो असा माझा अनुभव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रविवार पाच होते, म्हणजे हजेरीचे दिवस २६. त्यात १५ ऑगस्ट आणि २७ तारखेची गणेश चतुर्थी या सुट्ट्या त्याच्या कंपनीत पगारी होत्या, म्हणून २६ च्या २६ भरले. तुमच्याकडे कोणत्या सुट्ट्या पगारी आहेत ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. गणपतीला गावाकडे जाणाऱ्यांनी तर आधीच.

आता स्लिप समोर घ्या

त्याची स्लिप अशी होती. बेसिक-डीए दिवसाला ५६० प्रमाणे १४,५६०. एचआरए दिवसाला ८० प्रमाणे २,०८०. ग्रॉस १६,६४०. कपात : पीएफ १,७४७, ईएसआय १२५, व्यवसाय कर २००. एकूण २,०७२. हातात १४,५६८. तासाला भागलं तर ७० रुपये आणि वर चार पैसे.

या तीन कपाती एकाच रकान्यात एकाखाली एक छापतात, म्हणून सगळ्या सारख्याच वाटतात. तसं नाही. पीएफचे पैसे तुमचेच राहतात, फक्त दुसऱ्या खात्यात. ईएसआयचे पैसे जातात, पण त्याच्या बदल्यात काहीतरी मिळतं. व्यवसाय कर मात्र गेला तो गेला. आपल्या पोराच्या २,०७२ पैकी खऱ्या अर्थानं गेलेले फक्त २०० आहेत.

पीएफ

सगळ्यात मोठी कपात हीच, आणि सगळ्यात जास्त शिव्याही हिलाच. ‘पीएफ नको, हातात द्या’ असं म्हणणारी निम्मी लाइन असते. ज्या आस्थापनेत वीस किंवा अधिक माणसं आहेत तिला पीएफ लागू होतो. बेसिक आणि डीएच्या १२ टक्के तुमच्या पगारातून जातात आणि तेवढेच मालक घालतो. १४,५६० चे १२ टक्के म्हणजे १,७४७.

मालकाच्या १,७४७ चं काय होतं ते फार कमी जणांना माहीत असतं. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२१३ रुपये, पेन्शनच्या खात्याला जातात आणि उरलेले ५३४ तुमच्या पीएफला. म्हणून पासबुकात महिन्याला १,७४७ अधिक ५३४, असे २,२८१ जमा दिसतात आणि पेन्शनचा रकाना वेगळा. ‘मालकानं कमी भरले’ म्हणून भांडायला जाण्याआधी हा रकाना बघा. एकानं माझ्यासमोर याच कारणावरून नोकरी सोडली होती.

सक्तीची हद्द १५,००० आहे, सप्टेंबर २०१४ पासून तीच. बेसिक-डीए त्याच्या वर असेल तर मालक १५,००० वरच, म्हणजे १,८०० कापू शकतो. पहिल्यांदाच नोकरीला लागताय, आधी कधी पीएफ नव्हता आणि बेसिक-डीए १५,००० च्या वर आहे, तर फॉर्म ११ भरताना पीएफ नाकारता येतो. बाकीच्यांना नाही. कुणी ‘पीएफ नको असं लिहून दे’ म्हणून कागद पुढे केला तर तो कागद तुमच्या नाही, त्याच्या सोयीचा असतो.

ओव्हरटाइमवर पीएफ कापला जात नाही. एचआरएवरही नाही. म्हणूनच काही ठेकेदार बेसिक बारीक ठेवतात आणि उरलेलं ‘स्पेशल अलाउन्स’, ‘कन्व्हेयन्स’, ‘वॉशिंग’ अशा नावांनी दाखवतात. हातात चार पैसे जास्त पडतात म्हणून पोरंही खूश. पण मालकाचे त्याहून जास्त वाचतात, आणि तुमचा पीएफ, पेन्शन, पुढची ग्रॅच्युइटी सगळं लहान होतं. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी धरायचाच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये वेतनाची व्याख्याच बदलली आहे : वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. तुमची बेसिक आजवर एकूण पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असेल, तर पीएफची कपात वाढून हातातला पगार थोडा कमी होऊ शकतो. त्या महिन्यात घाबरू नका. आपल्या पोराची बेसिक-डीए आधीच एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा कितीतरी वर आहे, त्याला काही फरक नाही.

यूएएन : एकच, कायमचा

यूएएन हा तुमच्या पीएफचा बारा आकडी नंबर. माणसाला एकच. कंपनी बदलली, ठेकेदार बदलला, नंबर तोच. नव्या ठिकाणी ‘आधी पीएफ होता का?’ विचारलं की बरेच जण कटकट नको म्हणून ‘नाही’ सांगतात, मग दुसरा नंबर तयार होतो आणि जुने पैसे मागे राहतात. पुण्यात दोन वर्षांत चार ठेकेदार बदलणारी पोरं आहेत. त्यांची चार खाती चार दिशांना.

नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं. अक्षराचाही फरक नको. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मध्ये वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. बायकांचं तर माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्या. पैसे काढायची वेळ येते तेव्हा क्लेम इथंच अडकतो. कामाला लागण्याच्या आठवड्यातच हे सरळ करा, नंतर आकुर्डीच्या पीएफ ऑफिसच्या चकरा मारण्यापेक्षा ते सोपं.

नोकरी सोडली की पैसे काढून मोकळं होण्याची घाई करू नका. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी लागते, ती तुकड्यातुकड्यांनी जोडली तरी चालते, पण मध्ये काढून घेतलं तर साखळी तुटते. आणि पाच वर्षांच्या आत ५० हजार किंवा जास्त काढले तर त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा इन्कम टॅक्स, लागू शकतो. बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन अशी अडचण असेल तर गोष्ट वेगळी. मोबाईल घेण्यासाठी काढणाऱ्यांना मात्र मी तोंडावर बोलतो.

ईएसआय

पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय. तुमचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. जुलै २०१९ पासून हे दर आहेत. १६,६४० चे पाऊण टक्का १२४ रुपये ८० पैसे, वरच्या रुपयात १२५.

ओव्हरटाइमची गंमत इथं उलटी होती. ऑगस्टच्या स्लिपच्या काळातल्या नियमानं ओटीवर ईएसआय कापला जायचा, पण २१,००० ची हद्द मोजताना ओटी धरला जात नव्हता. आपल्या पोरानं सप्टेंबरात वीस तास ओटी केला. हजेरी पुन्हा २६ ची. दुप्पट दरानं ३,२०० वाढले, ग्रॉस १९,८४० झाला. पीएफ तोच १,७४७, व्यवसाय कर तोच २००, ईएसआय मात्र १४९. हातात १७,७४४. म्हणजे ओटीच्या ३,२०० पैकी ३,१७६ त्याच्या हातात पडले. साध्या तासातून १२ टक्क्यांहून जास्त जातात आणि ओटीतून जेमतेम पाऊण. म्हणूनच पोरं ओटीवर तुटून पडतात. शरीराचा हिशेब त्या स्लिपवर नसतो, तो भाग वेगळा.

मध्येच पगारवाढ होऊन २१,००० च्या वर गेलात तरी ईएसआय लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. चालू कालखंड संपेपर्यंत कपात आणि संरक्षण दोन्ही चालू राहतं.

१२५ रुपयांत मिळतं काय? तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना उपचार, पहिल्या दिवसापासून. पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची रुग्णालयं आहेत. रांगा असतात, नाही म्हणत नाही. पण आजारी पडून घरी राहावं लागलं, तर आधीच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. बायकांना बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण सरासरी पगार. आणि कामावर बोट गेलं, हात सापडला, तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, त्यासाठी आधी किती दिवस वर्गणी भरली हे कुणी विचारत नाही.

हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. प्रेसवर बोट चिरडलं की बऱ्याच शॉपमध्ये गडबडीनं जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात, बिल भरतात, ‘आपण बघू तुझं’ म्हणतात. माझ्या ओळखीच्या एकाला असंच नेलं होतं. तीन आठवड्यांनी ‘बघणारे’ फोन उचलेनासे झाले. दवाखान्यात आधी जा, ते बरोबरच. पण त्याच दिवशी कंपनीच्या अपघात-वहीत नोंद झाली का ते बघायला कुणाला तरी पाठवा.

व्यवसाय कर आणि पंचवीस रुपये

स्लिपवर ‘पी.टी.’ लिहिलेलं असतं ते हे. १९७५ च्या राज्याच्या कायद्यानं आलेला कर, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. तुमच्या गावच्या पाझर तलावावर आजोबांनी टाकलेल्या पाट्यांचे पैसे कदाचित यातूनच गेले असतील.

पुरुषांना महिना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्याच्या वर २००. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० आणि त्याहून जास्त नाही, कारण राज्यघटनेनंच ही मर्यादा घातली आहे. दर फेब्रुवारीच्या पगारानंतर ‘शंभर रुपये जास्त कापले’ असे मला किमान पाच फोन येतात. आता येऊ नयेत.

बायकांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत हा कर नाही. तरीही जुन्या एक्सेलमध्ये २०० छापून ठेवलेले असतात आणि ते निमूट कापले जातात. असेंब्ली लाइनवर, हाउसकीपिंगला, कँटीनला काम करणाऱ्या बायकांनी आजच स्लिप काढून बघा. पगार २५,००० च्या आत आणि पी.टी. २००, तर चूक आहे आणि परत मागता येते.

जून आणि डिसेंबरमध्ये २५ रुपये जास्त जातात, ते कामगार कल्याण निधीचे. मालक ७५ घालतो. पूर्वी तुमचे १२ होते, २०२४ मध्ये वाढले.

इन्कम टॅक्स

ज्या नावाची सगळ्यात जास्त धास्ती, तो तासाच्या पगारावाल्याला बहुतेक लागतच नाही. पगारावरचा टीडीएस दर महिन्याच्या रकमेवर कापत नाहीत. वर्षभराचा पगार अंदाजानं काढायचा, त्यावर वर्षाचा कर काढायचा आणि तो महिन्यांत वाटायचा. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि सूट धरून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर शून्य होतो. एखाद्या महिन्यात ओटी करून तीस हजार उचलले तरी वर्षाचं गणित त्याच्या जवळपासही जात नाही. लग्नसराईत ‘जास्त ओटी केला तर टॅक्स लागतो’ असं सांगून पोरांना गप्प करणारे सुपरवायझर आहेत. ऐकू नका.

तरीही पैशातून १ टक्का किंवा १० टक्के ‘टीडीएस’ कापलेला दिसला, तर कराची काळजी नंतर करा, आधी वेगळाच प्रश्न विचारा : मी कामगार आहे की नाही? कारण १ टक्का ठेकेदाराला देताना कापतात आणि १० टक्के व्यावसायिक फीवर. हिंजवडी-बाणेरकडच्या ऑफिसांत तासावर डेटा एंट्री, सपोर्ट, शिकवणी असली कामं करणाऱ्यांना असं ‘कन्सल्टंट’ करून ठेवतात. त्यांना पीएफ नाही, ईएसआय नाही, पगारी सुट्टी नाही. कापलेला टीडीएस मात्र परत मिळतो. वर्षाचं उत्पन्न कर लागण्याइतकं नसेल तर रिटर्न भरायचं, साधारण ३१ जुलैच्या आत, आणि रिफंड खात्यात येतो. तासाला २०० घेणाऱ्या एका मुलीनं चार तासांच्या कामाचे वर्षभरात वीसेक हजार असे परत मिळवले. त्यासाठी पॅन दिलेलं आणि आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर अशा पैशातून थेट २० टक्के जाऊ शकतात.

अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर गोष्ट तिसरी. अप्रेंटिस कायद्याखालच्या स्टायपेंडवर पीएफ-ईएसआय नसतो. ‘कपात नाही, पूर्ण हातात’ ऐकून भाळू नका. कागदावर अप्रेंटिस आणि काम ऑपरेटरचं, हे चाकणमध्ये नवं नाही.

खाडा पडला तर

पोरानं ऑक्टोबरात तीन खाडे केले. दिवाळीला गावी गेला होता, परतीच्या गाड्यांना जागा नव्हती. हजेरी २४. पगार १५,३६०, पीएफ १,६१३, ईएसआय ११६, व्यवसाय कर २००, हातात १३,४३१. ऑगस्टपेक्षा दोन दिवस कमी, म्हणजे १,२८० बुडाले, पण हातात कमी आले ते १,१३७, कारण पगाराबरोबर पीएफ-ईएसआयही खाली आले. व्यवसाय कर मात्र हलत नाही. पगार दहा हजारांच्या वर गेला की वीस दिवस भरा की सव्वीस, २०० ठरलेले. त्यामुळे जितके खाडे जास्त, तितका तो २०० जड होत जातो.

बाकीच्या कपाती

कँटीन, बस, उचल, खोलीचं भाडं. यांवर सही केली असेल तर कापतील. पगारातून कोणत्या कारणांसाठी कापता येतं याची यादी कायद्यातच आहे आणि सगळं मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. ‘इतर’ असं एका शब्दात लिहिलेली कपात दिसली की विचारा, इतर म्हणजे काय. उचल घेतली तर तारीख आणि रक्कम त्याच वहीत.

आणि एक कपात कोणत्याही नावानं करता येत नाही : मालकाचा पीएफ किंवा ईएसआयचा वाटा. बोलताना तो सीटीसीत धरून सांगणं वेगळं. पण ठरलेल्या पगारातून स्लिपवर दोनदा पीएफ कापलेला दिसला, तर ते सरळ बेकायदा आहे.

खरंच भरलं का?

स्लिपवर कापलं म्हणजे भरलं असं नाही. एका महिन्याचा पीएफ आणि ईएसआय मालकानं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. ऑगस्टचा १५ सप्टेंबरपर्यंत. म्हणून २५ तारखेच्या सुमारास बघा. यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजनं येते. उमंग ॲपवर पूर्ण पासबुक दिसतं. ईएसआयचं ई-पहचान कार्ड मागून घ्या, त्यावर घरच्यांची नावं चढवा. १८००११२५२६ हा त्यांचा टोल फ्री नंबर.

दोन महिने पासबुकात काहीच आलं नाही तर आधी ठेकेदाराला लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर का होईना. तोंडी भांडणाचा पुरावा राहत नाही. कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि ठेकेदार पळाला तर ज्या कंपनीच्या गेटमधून तुम्ही आत जाता ती मुख्य मालक म्हणून जबाबदार धरली जाते. म्हणून गेटपासचा फोटो काढून ठेवा, त्यावर कंपनीचं नाव असतं. पीएफची तक्रार त्यांच्या तक्रार पोर्टलवर घरबसल्या करता येते. पगार, ओटी, किमान वेतन यांसाठी शिवाजीनगरचं कामगार आयुक्त कार्यालय. जाताना वही, स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि तो गेटपासचा फोटो न्या. तोंडी गाऱ्हाणं ऐकून घेतात, कागद दिसला की खुर्ची पुढे सरकते.

काम सोडताना शेवटचा पगार तर घ्याच, पण पीएफच्या पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख चढली का तेही बघा. ती नसेल तर जुने पैसे नव्या खात्यात येत नाहीत. ठेकेदार टाळत असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्ही स्वतःच भरू शकता. त्या पोरानं जानेवारीत ठेकेदार बदलला, मार्चच्या शेवटी माझ्यासमोर बसून तारीख टाकली, आणि मग लगेच दुसरा प्रश्न काढला : ‘दादा, नव्या ठिकाणी तासाला ८८ म्हणतायत. हे कोणते ८८?’